फॉरमॅट मारायच्या आधी थांबा: सेकंडहँड लॅपटॉपवर विंडोज टाकताना या चुका टाळा

दहावी-बारावीचे निकाल लागले की, आणि पुढे दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हातात आले की, मराठवाड्यात सेकंडहँड लॅपटॉपची खरेदी जोरात होते. मुलगी लातूरला क्लासला निघालेली असते, मुलगा संभाजीनगरला पॉलिटेक्निकला. नवा लॅपटॉप परवडत नाही, म्हणून पंधरा-अठरा हजारांत एखाद्या कंपनीतून निघालेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक घेतला जातो. निर्णय चांगलाच आहे. ही यंत्रं दणकट असतात आणि त्यांचे सुटे भागही मिळतात. घोळ होतो तो घरी आणल्यावर. कुणीतरी सांगतं, "जुनं आहे, आधी फॉरमॅट मारून घे," आणि त्याच संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावून सगळं पुसलं जातं.

फॉरमॅट करायलाच हवं, त्यात वाद नाही. आधीच्या मालकाचं काय काय त्यात राहिलंय, दुकानदाराने काय टाकलंय, हे आपल्याला कळत नाही. पण काही गोष्टी पुसण्याआधीच बघाव्या लागतात, आणि घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले पैसे बहुतेक वेळा तिथेच बुडतात.

लायसन्स न बघताच पुसणं

लॅपटॉप सुरू करा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम (विंडोज १० असेल तर 'अपडेट अँड सिक्युरिटी') आणि त्यात अ‍ॅक्टिव्हेशन उघडा. तिथे विंडोजची एडिशन (होम, प्रो असा प्रकार) कोणती आहे आणि ती कशी अ‍ॅक्टिव्हेट झाली आहे, हे लिहिलेलं असतं. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

'डिजिटल लायसन्स'ने अ‍ॅक्टिव्हेट आहे असं दिसलं तर बहुधा काळजी नाही. ते लायसन्स त्या यंत्राच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं. तीच एडिशन परत टाकली आणि इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. त्यातही, २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून, कंपनीनेच विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपची की (लायसन्सचा कोड) मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. हार्ड डिस्क बदलली तरी ती जात नाही. असं असताना ऑनलाइन चार-पाचशे रुपयांची 'लाइफटाइम की' विकत घेणारे विद्यार्थी बघितले की वाईट वाटतं. स्वतःचं लायसन्स खिशात असताना त्यांनी संशयास्पद की वर पैसे घातलेले असतात.

आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. भारतात विकल्या गेलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही एडिशन असते. विंडोज टाकून देणारा सवयीने 'प्रो' निवडतो, मग अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही, आणि उपाय म्हणून क्रॅक मारला जातो. मूळची सिंगल लँग्वेज टाकली असती तर एक रुपयाही लागला नसता.

आता उलटी खूण. घरगुती वापराच्या लॅपटॉपवर 'तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेने विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झाले आहे' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर सावध व्हा. ही मोठ्या कंपन्यांसाठीची केएमएस नावाची पद्धत आहे. ती १८० दिवसांची असते आणि कंपनीच्या सर्व्हरवरून पुन्हा पुन्हा ताजी करावी लागते. तुमच्या घरी असा सर्व्हर नाही, म्हणजे बहुधा कुणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर) चालवलाय. हे अ‍ॅक्टिव्हेटर बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करूनच चालवावे लागतात. ज्या यंत्रावर आई-वडिलांचं बँक खातं उघडणार आहात, त्यावर हे ठेवू नका.

लॅपटॉपच्या पाठीवर विंडोज ७ चं स्टिकर असेल तर त्या कीवर विसंबू नका. जुन्या ७ आणि ८ च्या कीवर नवं विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

कंपनीचं कुलूप फॉरमॅटने निघेल, हा समज

कंपन्यांतून निघालेल्या लॅपटॉपचा हा सर्वांत महाग पडणारा धोका आहे. बऱ्याच कंपन्या आपली यंत्रं मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट' या, कंपनीची यंत्रं दुरून सांभाळण्याच्या सेवेत नोंदवतात. ती नोंद डिस्कवर नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. दुकानदाराने इंटरनेट न जोडता विंडोज टाकून दिलेलं असतं, म्हणून दुकानात सगळं सुरळीत दिसतं. तुम्ही घरी ताजं विंडोज टाकून वायफाय जोडता आणि पडद्यावर भलत्याच कंपनीचं नाव येतं. पुढे जायला त्या कंपनीचा ईमेल मागितला जातो. ही नोंद सहसा ती कंपनीच काढू शकते. म्हणून जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि असं कुलूप निघालं तर यंत्र परत घेणार का, हे बिलावरच लिहून मागा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरचा) पासवर्डही दुकानातच तपासा. सुरू होताना डेलवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होच्या थिंकपॅडवर एफ१ दाबून आत जाता येतं का बघा. पासवर्ड मागितला तर यंत्र तिथेच ठेवा. 'आतला सेल काढला की जातो' हे जुन्या डेस्कटॉपचं ज्ञान आहे, बिझनेस लॅपटॉपवर ते सहसा चालत नाही. मॅकबुक घेत असाल तर आधीच्या मालकाने आपलं अ‍ॅपल खातं समोर काढून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रोसेसर न बघता विंडोज ११ चा हट्ट

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे आता सगळ्यांनाच ११ हवं असतं, आणि विकणारेही 'विंडोज ११ टाकून देतो' म्हणतात. टाकता येतं म्हणजे ते यंत्र त्यासाठी पात्र आहे, असं नाही. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, रायझनचा लॅपटॉप असेल तर साधारण ३००० मालिकेपासून; शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा सोय. पिढी नावातच असते: आय५-६३००यू म्हणजे सहावी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी.

सहाव्या पिढीच्या यंत्रावर अटी चुकवून ११ टाकलेलं असेल तर ते चालतं, पण अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातल्या यंत्रावर तर २०२४ च्या २४एच२ पासूनची आवृत्ती सुरूच होत नाही. माझं मत स्पष्ट आहे. यंत्र पात्र नसेल आणि काम व्हिडिओ लेक्चर, पीडीएफ, ब्राउझर आणि टायपिंग एवढंच असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. ते फुकट आहे, हलकं आहे आणि त्याला अपडेटही मिळत राहतात. टॅली किंवा सेवा केंद्राची बायोमेट्रिक उपकरणं चालवायची असतील तर मात्र विंडोजच हवं, आणि मग आठव्या पिढीच्या खाली जाऊन पैसे वाचवू नका.

कशाही पेन ड्राइव्हवर, कुठूनही उतरवलेलं विंडोज

'रेडीमेड, सगळी सॉफ्टवेअर टाकलेली' विंडोजची फाइल टेलिग्रामवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून घेऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मिडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह वापरा. फाइल ५ जीबीच्या आसपास किंवा त्याहून मोठी असते. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या मोबाईल पॅकवर ती अर्ध्यात अडकते. गावातल्या फायबर कनेक्शनवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये उतरवून घ्या.

बाजारात पेन ड्राइव्ह खोटेही मिळतात: वर ६४ जीबी, आत त्याच्या पावही नाही. इन्स्टॉल मधेच थांबून ८००७०५७० या आकड्याची एरर आली तर फाइल नीट वाचली जात नाहीये. आधी पेन ड्राइव्ह आणि यूएसबी पोर्ट बदलून बघा. तरीही तेच झालं तर रॅम तपासा.

मधेच अडलं तर

डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे बरेचदा होतं, आणि लोक घाबरून नवी एसएसडी आणतात. डिस्क ठीक असते, विंडोजच्या इन्स्टॉलरकडे व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या पद्धतीचा) ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा.

'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही' असं सांगून एमबीआर किंवा जीपीटी या डिस्कच्या मांडणीच्या जुन्या-नव्या पद्धतींचा उल्लेख येतो. बूट मेनूमध्ये एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो; त्यातला 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. डिस्कवरचं काहीही नको असेल तर तिचे सगळे भाग डिलीट करून एकच मोकळी जागा उरू द्या आणि तीच निवडा. एवढ्याने काम होतं. डिलीट करण्याआधी आत दुसरी डिस्क नाही ना, हे जीबीच्या आकड्यावरून पाहून घ्या.

इन्स्टॉलनंतर वायफायच सापडत नाही आणि विंडोज ११ इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा; बहुतेक वेळा तेवढ्यावर निभतं. टचपॅडही कधी कधी चालत नाही, म्हणून साधा यूएसबी माऊस जवळ असू द्या.

साइट उघडत नाहीत, अपडेट होत नाही, सगळीकडे सर्टिफिकेटची एरर. घड्याळ बघा. जुन्या यंत्रातला छोटा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. अनेक यंत्रांत तो सीआर२०३२ हा सहज मिळणारा सेल असतो.

यंत्र तापून मधेच बंद पडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि अशा लॅपटॉपच्या फॅनमध्ये कित्येक वर्षांची धूळ साचलेली असते. दोष पेन ड्राइव्हला दिला जातो. फॅन साफ करून आणि थर्मल पेस्ट बदलून घेतली की तेच इन्स्टॉल एका दमात होतं.

लाइट जाण्याचं भय मात्र नेमक्या जागी ठेवा. विंडोज टाकताना वीज गेली तर फार तर पुन्हा सुरुवात करावी लागते. बायोस अपडेट करताना गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, तेव्हा बायोस अपडेटला इन्व्हर्टर असलेल्या जागीच हात घाला.

मरणाऱ्या डिस्कवर नवं विंडोज

फॉरमॅटआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. 'गुड' असेल तर पुढे चला. 'कॉशन' किंवा 'बॅड' असेल तर त्या डिस्कवर श्रम घालू नका, नवी एसएसडी टाका. फिरती हार्ड डिस्क 'गुड' असली तरी माझा सल्ला तोच राहील. विंडोज ११ तिच्यावर फार रखडतं.

दुकानदाराच्या खात्याने लॉगिन

शेवटच्या टप्प्यावर विंडोज मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. विद्यार्थ्याकडे ते नसतं, म्हणून विंडोज टाकून देणारा घाईत स्वतःचं घालून देतो. पुष्कळ लॅपटॉपवर खातं जोडताच डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. पुढे कधी बायोस बदलला किंवा बोर्ड दुरुस्त केला की यंत्र ती की मागतं, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याचा नंबरही तोवर बदललेला असतो. आतल्या नोट्स, प्रोजेक्ट, फोटो सगळं अडकतं. खातं मुलाचं किंवा मुलीचं स्वतःचं काढा, पासवर्ड त्यांनाच घालू द्या. मग खात्याच्या पानावरून रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको, घरी बिलासोबत ठेवा.