परदेशात नोकरीला निघालात? टॅक्सच्या या चुका टाळा

मागच्या वर्षी माझ्या मामेभावाला दुबईत नोकरी लागली, मुलुंडला घरोघरी पेढे वाटून झाले, आणि मग त्याचा मला फोन, "दादा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट स्वस्त पडतंय, काढू ना?" मी म्हटलं काढू नको, आधी संध्याकाळी घरी ये. आला. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून टेबलावर ठेवलं आणि पेन्सिलने मोजायला बसलो. एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, झाले १५३. सप्टेंबरचे २८ धरले की १८१. २९ सप्टेंबरला १८२ होतात आणि तिथेच सगळा खेळ आहे.

कारण नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस इथे राहिला तर तो त्या वर्षापुरता रेसिडेंट, आणि रेसिडेंट म्हणजे जगात कुठेही कमावलेल्या पैशावर इथे टॅक्स. व्हिसा कुठला, कंपनी कुठली, पगार कुठल्या बँकेत येतो, यावर एनआरआय ठरत नाही हो, दिवसांवर ठरतं. ऑक्टोबरमध्ये गेला असता तर मार्चपर्यंतचा दुबईचा पगार इथल्या रिटर्नमध्ये आला असता, आणि दुबईत पगारावर इन्कम टॅक्सच नाही त्यामुळे "तिकडे भरलाय" म्हणून वजावट मिळण्याचाही प्रश्न नाही. एकाच पगारावर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून दोन देशांत जो करार असतो त्याचा आधार घेऊन भांडता येतं कधीकधी, पण ते भांडणच असतं, सीएची फी आणि डोक्याला ताप. त्याने २६ सप्टेंबरचं तिकीट काढलं, चार हजार जास्त गेले, बाकी निवांत.

दिवस मोजताना जाण्याचा दिवस आणि येण्याचा दिवस दोन्ही धरून चाला. मुंबईहून बाहेर जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, मग तिकिटावर एक तारीख आणि इमिग्रेशनच्या शिक्क्यावर आदल्या दिवसाची असं होतं, म्हणून अगदी काठावर जाऊ नका, दोनचार दिवस हातात ठेवा. शिक्क्यांच्या पानांचे फोटो आणि बोर्डिंग पास दोन्ही जपा, पासपोर्ट रिन्यू केला तरी जुना फेकू नका.

पुढच्या वर्षांची चूक वेगळी. गेलो एकदा, आता कायमचे एनआरआय, असं समजून लोक सुट्टीला येतात आणि राहतात. सुट्टीवर आलेल्याला साधारण १८२ दिवसांचीच मुभा आहे, पण तुमचं भारतातलं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, एफडीचं व्याज, शेअर्सचा नफा वगैरे मिळून, १५ लाखांच्या वर असेल तर ती मर्यादा १२० वर येते. आणि गणपतीला येऊन दिवाळीपर्यंत इथूनच लॅपटॉपवर ऑफिसचं काम केलं, तर त्या काळातला पगार भारतात केलेल्या कामाचा पगार होतो. एनआरआय असलात तरी इथे टॅक्स लागू शकतो, करारात कमी दिवसांसाठी सूट असते पण ती अटींवर असते, आधी विचारून मग तिकीट पुढे ढकला.

बँकेचं काम तर नव्वद टक्के लोक राहू देतात. परदेशी नोकरीला गेलात की साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं, आईचं जॉइंट नाव असेल तर ते राहू शकतं, म्हणून घाबरू नका. हा नियम फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, इन्कम टॅक्सचा नाही, आणि फेमात दिवसांपेक्षा तुम्ही कशासाठी गेलात याला महत्त्व आहे. म्हणजे एकाच वर्षात तुम्ही बँकेसाठी एनआरआय आणि टॅक्ससाठी रेसिडेंट असू शकता. विचित्र वाटतं पण असंच आहे.

तिकडून पाठवलेल्या पैशासाठी एनआरई खातं, त्याचं व्याज इथे टॅक्स फ्री. एनआरओच्या व्याजावर मात्र बँक ३१.२ टक्के कापते. एफडीचं ८०,००० व्याज आलं तर २४,९६० गेले, आणि त्या वर्षी इथे तुमचं दुसरं काही उत्पन्न नसेल तर तेवढ्यावर टॅक्स मुळात लागतच नाही, फक्त रिटर्न भरून रिफंड मागावा लागतो. लोक रिटर्नच भरत नाहीत. १५जी फॉर्म देऊन ही कपात थांबवता येत नाही, तो रेसिडेंटसाठी आहे. घर भाड्याने दिलंत तर भाडेकरूनेही असाच टीडीएस कापायचा असतो, त्याला करार करतानाच सांगा, नंतर नोटीस त्याला येते आणि संबंध बिघडतात.

आता माझं जर्मनीचं. मी श्टुटगार्टला तीन वर्षं होतो, कंपनीनेच पाठवलेलं. निघण्याआधी पीएफ ऑफिसकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घ्या असं कुणीतरी सांगितलं म्हणून वाचलो, कारण भारत आणि जर्मनीत सोशल सिक्युरिटीचा करार आहे आणि इथल्या कंपनीच्या पेरोलवर राहून गेलात तर त्या कागदावर तिकडची पेन्शनची कपात, जी पगाराच्या ९.३ टक्के असते, वाचते. अमेरिकेशी असा करार नाही, तिकडे एल-वन किंवा एच-वन या कामाच्या व्हिसावर गेलात की सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के जाणारच, ते धरूनच पगार ठरवा.

जर्मनीत पत्ता नोंदवताना धर्म विचारतात. मान्यताप्राप्त चर्चचे सदस्य म्हणून नोंद झाली तर इन्कम टॅक्सच्या ८ किंवा ९ टक्के चर्च टॅक्स वेगळा कापतात, तेव्हा तो रकाना न समजता भरू नका. बायको मुंबईत असेल तोवर टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा गट, एकचाच मिळतो, ती आली की लगेच क्लास बदलायचा अर्ज करा. माझा एक सहकारी आठ महिने विसरला, हातात येणारा पगार तेवढे महिने कमी, आणि जास्तीचे कापलेले पैसे वर्षाचं रिटर्न भरल्यावर मिळाले.

ज्या वर्षी परदेशी गेलात त्या वर्षी तुम्ही इथे रेसिडेंट ठरलात तर खरी कसरत पुढे आहे. जर्मनीचं टॅक्स वर्ष जानेवारी ते डिसेंबर, अमेरिकेचंही तेच, ब्रिटनचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचं जुलै ते जून. आपलं एप्रिल ते मार्च. तिकडचं वर्षाचं सर्टिफिकेट उचलून जसंच्या तसं इथे जोडायचं ही अगदी नेहमीची चूक. महिन्याची पगार स्लिप हवी, प्रत्येक महिन्याचा पगार आणि कापलेला टॅक्स वेगळा काढायचा, आणि रुपयात करताना गूगलचा रेट नाही, आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यायचा. तिकडे भरलेल्या टॅक्सची वजावट मागायला रिटर्नसोबत फॉर्म ६७ लागतो, नुसतं रिटर्नमध्ये आकडा टाकून भागत नाही. एक लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२६ पासून इन्कम टॅक्सचा २०२५ चा नवा कायदा लागू झालाय, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत, मी सांगतोय ते १९६१ च्या कायद्यातले, २०२५-२६ च्या रिटर्नपर्यंतचे.

परत येतानाही कालनिर्णय उतरवा. कायमचं परत येताय तर १ फेब्रुवारी ते ३१ मार्च ५९ दिवस होतात (लीप वर्षात ६०), आणि ६० दिवसांच्या नियमाचा (वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे असलात की रेसिडेंट) त्रास नको म्हणून माहितगार लोक फेब्रुवारीत येतात, फक्त त्याच वर्षातल्या सुट्टीचे दिवस त्यात मिळवायला विसरू नका. परत आल्यावर दोनतीन वर्षं बाहेरच्या उत्पन्नावर टॅक्स नसतो असं ऐकलेलं असतं सगळ्यांनी. त्याला आरएनओआर म्हणतात, म्हणजे रेसिडेंट पण 'ऑर्डिनरिली रेसिडेंट' नाही, आणि ते सगळ्यांना मिळत नाही. मागच्या १० पैकी ९ वर्षं एनआरआय हवेत, नाहीतर मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस. माझी तीनच वर्षं बाहेर गेली होती, मला मिळालं नाही.

आणि एनआरई एफडी परत आल्यावरही तशीच चालू ठेवून व्याज टॅक्स फ्री दाखवणं, ही तर फार महागात पडणारी चूक. परत आलात की बँकेला कळवा, त्या दिवसानंतरचं व्याज टॅक्सेबल, आरएनओआर असलात तरी.

साधे रेसिडेंट झालात की परदेशातलं प्रत्येक खातं, शेअर, कंपनीचे मिळालेले स्टॉक, सगळं रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवायचं, खात्यात चाळीस युरो का असेनात. न दाखवल्याचा दंड १० लाख आहे. ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण दाखवायचं बंधन तसंच आहे. आयटीआर-१ मध्ये हे शेड्यूलच नसतं, आयटीआर-२ भरा. मी श्टुटगार्टचं खातं बंद केलं, पण ज्या वर्षी बंद केलं त्या वर्षीही ते दाखवावं लागलं, आणि बँकेचं खातं बंद केल्याचं पत्र अजून पासपोर्टच्याच फोल्डरमध्ये आहे.