सेल खराब नव्हती! पॅच-क्लॅम्प आणि मॉडेलिंगमधल्या या चुका टाळा

“मॅडम, आज सेलच खराब आहेत.” महिन्यातून चारदा तरी हे वाक्य कानावर येतं. मग मी रिगवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मांडणीवर, जाऊन बघते, तर सेल ठणठणीत असते. खराब असतं ते वायरचं टोक, नाहीतर बाथची (सेल ज्या द्रावणात असते त्या भांड्याची) नळी, नाहीतर बोलणाऱ्याचा धीर. मेंदूच्या स्लाइसमधल्या (पातळ कापातल्या) न्यूरॉनचं पॅच-क्लॅम्प रेकॉर्डिंग, म्हणजे काचेची बारीक पिपेट सेलला चिकटवून तिची वीज मोजणं, मी बरीच वर्षं करते आहे, तेही नागपुरात. उन्हाळ्यात इथे माणसांचंच रेकॉर्डिंग थांबायची वेळ येते. मुलं तरीही दर वर्षी नव्या उत्साहाने त्याच चुका करतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

दुपारी दोनच्या लाटा

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी नऊपासून एकपर्यंत रेकॉर्डिंग स्वच्छ, बेसलाइन पट्टीने ओढल्यासारखी. दोन वाजत आले की ट्रेसवर लाटा सुरू, दर २० मिलिसेकंदांना एक, न चुकता. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झ, म्हणजे भिंतीतली वीज. इथवर सगळ्यांना कळलं. पुढे मात्र ज्याने त्याने आपापला वैरी धरला.

पहिला आरोपी अर्थातच कूलर. तो दुपारीच लागतो, त्यात पंप आहे, मोटर आहे, आवाजही चोरासारखा आहे. म्हणून दोन दिवस कूलर बंद. नवतपा सुरू, बाहेर ४५ अंश, आणि आम्ही ओले दुपट्टे डोक्याला गुंडाळून मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेलो. लाटा जागच्या जागी. उलट खोली तापल्यामुळे स्पाइक (सेलचे विजेचे झटके) अरुंद झाले आणि फायरिंगचा वेग बदलला, म्हणजे एकाच्या जागी दोन कोडी.

मग फॉइलचा अध्याय. इतकं गुंडाळलं की रिग डब्यातल्या पोळ्यांसारखी दिसायला लागली. फरक शून्य.

त्यानंतर झालं ते खरं पाप. एकाने बाथला दुसरी ग्राउंड वायर लावली, मायक्रोस्कोपला वेगळी, टेबलाला वेगळी, आणि एक थेट भिंतीच्या अर्थिंगला. “जास्त ग्राउंड म्हणजे जास्त चांगलं नं मॅडम?” लाटा दुप्पट झाल्या. जमिनीकडे जायला दोन वाटा असल्या की त्या दोन वाटांचं मिळून एक कडं होतं, आणि शेजारच्या स्टॅबिलायझरचं चुंबकीय क्षेत्र त्या कड्यात करंट फिरवत बसतं. सगळ्या वायरी एकाच बिंदूवर आल्या पाहिजेत, आणि तिथून एकच वाट जमिनीकडे. तो बिंदू मी अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडवर ठेवते. हे मी दर बॅचला फळ्यावर काढून दाखवते आणि दर बॅच ते विसरते.

तिसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन रिगसमोर बसले आणि कशालाही हात लावला नाही. बाथमधून बाहेर जाणारी नळी पंपातून खाली एका बाटलीत सोडलेली होती. नळीच्या टोकावर मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि त्यातून द्रावण थेंब थेंब पडत होतं. टप्. टप्. दोनला दहा मिनिटं कमी असताना बाटलीतली पातळी चढत चढत नळीच्या टोकाला लागली. टपटप थांबली. मागे वळून स्क्रीन बघितला, तर लाटा आल्या होत्या.

थेंब पडतात तोवर दोन थेंबांमध्ये हवा असते, म्हणून बाथ आणि बाटली विजेच्या दृष्टीने तुटलेली राहतात. टोक बुडालं की मिठाच्या पाण्याची सलग तार तयार होते आणि तिचं दुसरं टोक रिगभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्याबाहेर. आमची बाटली नेमकी स्टॅबिलायझरला टेकून ठेवलेली. यापेक्षा चांगला अँटेना पैसे देऊनही मिळणार नाही. बाटली ओतली, लाटा गेल्या. पुन्हा भरली, पुन्हा आल्या. कूलर लावला आणि सगळ्यांना चहा मागवला. आता त्या बाटलीवर लाल मार्करची रेघ आहे.

माझी सवय अशी: आवाज आला की आधी सगळं काढायचं. कॅमेरा, दिवा, मॅनिप्युलेटर, हीटर, लॅपटॉपचा चार्जर, नळ्या, सगळं. पिपेटच्या जागी मॉडेल सेल, म्हणजे सेलची नक्कल करणारं छोटं सर्किट, लावायची. ट्रेस स्वच्छ झाला की एकेक वस्तू परत जोडायची आणि प्रत्येक वेळी स्क्रीन बघायचा. अर्धा तास लागतो. मुलांना तो अर्धा तास नको असतो, त्यांना ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच फ्रीक्वेन्सी कापणारा, हवा असतो. तो लाटांबरोबर स्पाइकचा आकारही बिघडवतो, आणि बिघडलेला आकार दिसायला छान गुळगुळीत असतो. माझा राग नेमका त्याच्यावर आहे.

चांदीची वायर

इलेक्ट्रोडमधली चांदीची वायर सिल्व्हर क्लोराइडच्या थराशिवाय वापरू नका. चांदी, तिचं क्लोराइड आणि द्रावणातला क्लोराइड आयन यांच्यातली देवाणघेवाण दोन्ही दिशांनी सहज होते, म्हणून व्होल्टेज स्थिर राहतं. थर खरवडला गेला की शून्य सरकत राहतं आणि सगळे म्हणतात, सेल मरून राहिली. मी वायर बारीक पॉलिश पेपरने घासून साध्या ब्लीचमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवते. चकाकी जाऊन राखाडी-जांभळट रंग आला पाहिजे. दोन मिनिटांत काढलेली वायर मला लांबून ओळखू येते.

एकाने इतवारीच्या सराफ्यातून, मामाच्या ओळखीने, “एकदम शुद्ध” वायर आणली. पैंजणांच्या चांदीला कडकपणा यावा म्हणून त्यात तांबं घालतात. बाथमधलं तांबं सेललाही सोसत नाही आणि बेसलाइनलाही. आठवड्याने वायरवर हिरवट झाक आली. मामांचा दोष नाही, त्यांनी पैंजण चांगलेच केले असते.

दोन जातींचे न्यूरॉन

माझ्या लॅबमध्ये एकदा फार मोठा शोध लागला होता. एका मुलीने दोन वर्षांचा डेटा एकत्र केला, रेस्टिंग पोटेन्शियलचा (सेल शांत असतानाच्या व्होल्टेजचा) हिस्टोग्राम काढला, आणि दोन स्पष्ट उंचवटे दिसले, मध्ये १३ मिलिव्होल्टचं अंतर. “मॅडम, या भागात दोन टाइपचे सेल आहेत!” तिने दोन वेगवेगळी मॉडेलंही फिट केली होती, आणि दोन्ही सुंदर बसली होती.

मी जुन्या वह्या मागवल्या. डाव्या उंचवट्यातल्या सगळ्या सेल एका मुलाच्या, उजव्यातल्या सगळ्या दुसऱ्याच्या. एकाने लिक्विड जंक्शन पोटेन्शियल वजा केलं होतं, दुसऱ्याने नव्हतं. पिपेटमध्ये पोटॅशियम ग्लुकोनेट असतं, बाथमध्ये मुख्यतः सोडियम क्लोराइड. ग्लुकोनेट आयन जाडा आणि संथ, क्लोराइड चपळ, म्हणून दोन द्रावणांच्या सीमेवर साधारण १० ते १५ मिलिव्होल्ट तयार होतात. आपण बाथमध्ये पिपेट शून्य करतो तेव्हा ते त्या शून्यातच लपतात, आणि सेलच्या आत गेल्यावर सीमा उरत नाही, पण शून्यातली चूक उरते. स्क्रीनवर −६० दिसतं तेव्हा सेल खरं तर −७३ च्या आसपास असते.

वजा करा किंवा करू नका, यावर मी कुणाशी भांडत नाही. पण केलं की नाही, हे वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. ती मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सिरीज रेझिस्टन्सचं थोडक्यात. पिपेटच्या तोंडाशी २० मेगाओहम असतील आणि १ नॅनोअँपिअर करंट वाहत असेल, तर २० मिलिव्होल्ट वाटेतच खर्च होतात. सोडियम करंट मोजताना तुम्ही −३० वर क्लॅम्प केलंय, म्हणजे व्होल्टेज तिथे धरून ठेवलंय, असं समजता, सेल −१० वर बसलेली असते. मी दर पाच मिनिटांनी मोजते, आणि सुरुवातीपेक्षा २० टक्क्यांहून जास्त बदल झाला तर ती सेल टाकून देते. कितीही लाडकी असली तरी.

स्क्विड नागपुरात राहत नाही

मॉडेलिंगवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर समीकरणांतून न्यूरॉन चालवणाऱ्यांना, वाटतं, आपण या घाणीतून सुटलो. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली स्पाइक कसा तयार होतो याची आपली समीकरणं छापली, ती स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्झॉनवरून, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूवरून, आणि त्यातले वेगाचे आकडे ६.३ अंश सेल्सिअसचे आहेत. ६.३ अंश! आमच्याकडे डिसेंबरातली पहाटही क्वचितच तिथवर उतरते.

एका मुलाने तीच समीकरणं उंदराच्या न्यूरॉनसाठी घेतली आणि तापमान ३७ केलं. “मॅडम, स्पाइक येऊनच नाही राहिले.” येतील कसे? दर १० अंशांना वेग तिप्पट धरला की ३७ ला सगळी चॅनेल (आयनांची दारं) जवळपास २९ पट वेगाने उघडझाप करतात. मेम्ब्रेनची कपॅसिटन्स (विजेचा साठा धरायची क्षमता) मात्र तेवढीच राहते. सोडियमने व्होल्टेज वर खेचावं तोवर त्याची दारं लागलेली असतात आणि पोटॅशियमची उघडलेली. त्याने काय केलं, तर सोडियमचं कंडक्टन्स (करंट वाहू द्यायची क्षमता) १२० वरून चढवत चढवत हजारापार नेलं. “आता मस्त येऊन राहिले!” आलेले स्पाइक उंदराचेही नव्हते आणि स्क्विडचेही. उंदराच्या सेलसाठी उंदराच्या चॅनेलवर मोजलेले आकडे घ्यावे लागतात, आणि ते कोणत्या तापमानाला मोजले तेही बघावं लागतं. हक्सलीने तो स्पाइक हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर काढला होता. त्याला मनाला येईल तो आकडा बदलून बघणं परवडणारं नव्हतं. आमची मुलं चहा येईपर्यंत पाचशे रन करतात आणि त्यातला सर्वांत देखणा ठेवतात.

याच समीकरणांत एक खड्डा आहे. नेहमीच्या आधुनिक रूपात सोडियमच्या m गेटचा (चॅनेलमधल्या दाराचा) उघडण्याचा दर −४० मिलिव्होल्टला शून्य भागिले शून्य होतो, पोटॅशियमच्या n गेटचा −५५ ला. करंट देऊन चालवलेल्या मॉडेलमध्ये व्होल्टेज नेमक्या −४० वर सहसा थांबत नाही, म्हणून महिनोन्महिने काही कळत नाही. मग एक दिवस तुम्ही −४० ला व्होल्टेज क्लॅम्प लावता, आणि ग्राफ कोरा. एकाने त्यापायी सॉफ्टवेअर तीनदा काढून पुन्हा टाकलं. त्या बिंदूंवर दर अनुक्रमे १ आणि ०.१ असतो. एक अट लिहून तो देऊन टाका.

‘न्यूरॉन’ सिम्युलेटरमध्ये माप न देता सेक्शन (सेलचा एक तुकडा) बनवला तर तो १०० मायक्रॉन लांब आणि तब्बल ५०० मायक्रॉन जाड निघतो. तुमची सेल २० मायक्रॉनची. मग करंट दिला तरी ढिम्म हलत नाही, यात नवल काय?

टाइम स्टेप, म्हणजे सिम्युलेशनमधलं वेळेचं पाऊल, निम्मी करून बघा. उत्तर बदललं तर आधीचं उत्तर चुकीचं होतं.

बाकीचं, उभ्या उभ्या

बाथच्या द्रावणात कॅल्शियम शेवटी, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) पुरेसा सोडून झाल्यावर. आधी घातलंत तर द्रावण दुधाळ होतं, आणि दुधाळ झालेलं गाळून वापरू नका.

इंटर्नल, म्हणजे पिपेटमधलं द्रावण, बर्फावर ठेवा. त्यात एटीपी (सेलचं इंधन) आहे, ते उष्णतेत टिकत नाही. मे महिन्यात टेबलावर ठेवलेलं इंटर्नल म्हणजे नुसतं मीठपाणी.

इंटर्नलची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) बाथपेक्षा थोडी कमी, आणि ती मोजून. कूलरच्या वाऱ्यात उघडं ठेवलेलं द्रावण तासाभरात घट्ट होतं.

सॅम्पलिंग १० किलोहर्ट्झ आणि फिल्टर १० किलोहर्ट्झ असं ठेवू नका. फिल्टर सॅम्पलिंगच्या पाचव्या हिश्शाला.

पिपेट पाण्यात शिरण्याआधी आत दाब द्या, शिरल्यावर नाही. आणि एक पिपेट एकाच सेलला. पॅच-क्लॅम्प शोधणाऱ्या नेहर आणि साकमान यांनी एकेका चॅनेलचा करंट १९७६ मध्ये दाखवला, तेव्हाही गिगासील (पिपेट आणि सेलमधली घट्ट पकड) त्यांच्या हाती नव्हता. तो १९८० च्या सुमारास आला, नवी स्वच्छ पिपेट आणि हलकं शोषण एवढ्यावर. आमच्याकडे मात्र तीच पिपेट तिसऱ्या सेलला टेकवून सील का होत नाही, असं विचारायला येतात. काच ओढून नवी पिपेट बनवणारा पुलर बाजूच्याच टेबलावर असतो.