फासे टाकण्याआधी मोजा: वॉरहॅमरमध्ये जागेवरून होणाऱ्या या चुका टाळा

रविवारी पोहे-जिलबी झाली की लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी डायनिंग टेबलावर ४४ बाय ६० इंचांचं प्लायवूड पडतं आणि भाच्याबरोबर वॉरहॅमर ४०,००० सुरू होतं, म्हणजे छोट्या बाहुल्यांच्या (मिनिएचर) सैन्यांचा, टेप आणि फाशांनी खेळायचा लढाईचा खेळ. नियम संदिग्ध आहेत म्हणून आपण भांडतो, असं आम्हाला बरेच दिवस वाटायचं. खरं तर नियम बहुतेक वेळा स्पष्ट असतो, फक्त मोजायला आपण फासे पडल्यावर बसतो. (खालचे आकडे नियमांच्या २०२३च्या दहाव्या आवृत्तीतले.)

सगळ्यात महागात पडते ती नऊ इंचांची चूक. राखीव युनिट (मागाहून टेबलावर येणारी मिनिएचरची तुकडी) खाली उतरवताना ते शत्रूच्या प्रत्येक मिनिएचरपासून नऊ इंचांपेक्षा जास्त लांब लागतं. बरोबर नऊ चालत नाही. भाचा म्हणायचा, "मामा, केसभराचा तर फरक!" पण त्या केसाचा हिशोब करून बघा. चार्ज करून, म्हणजे दोन फाशांवर पडतील तेवढे इंच धावून, शत्रूच्या एक इंचाच्या आत पोचायचं असतं. अंतर बरोबर नऊ असेल तर दोन फाशांवर आठ पुरतात: ३६ पैकी १५ शक्यता. नऊच्या जरा पलीकडे असाल तर नऊ लागतात: ३६ पैकी १०. म्हणून मी लाकडी पट्टीचा नऊ इंचांचा तुकडा कापून ठेवलाय. दोन बेसच्या (मिनिएचर उभं असतं त्या चकत्यांच्या) मध्ये तो सैल फिरला पाहिजे. मग मोठ्याने विचारायचं, "हे नऊच्या बाहेर, मान्य?" एकदा हो म्हटलं की नंतर कोपर लागून मिनिएचर सरकलं तरी वाद नाही.

दुसरा घोळ म्हणजे कुठून मोजायचं. अंतर बेसच्या कडेपासून कडेपर्यंत, तलवारीच्या टोकापासून नव्हे. दिसतं की नाही हे मात्र मिनिएचरच्या कुठल्याही भागापासून बघतात. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की बंदूक पुढे धरलेला शिपाई फुकटात इंचभर लांब मारा करतो. तीच गत ऑब्जेक्टिव्हची, म्हणजे मार्कर ठेवून दाखवलेल्या, ताबा मिळवायच्या जागेची: तीन इंच मार्करच्या कडेपासून धरायचे. मार्कर ४० मिलिमीटरचा, मधोमध टेप लावलीत तर २० मिलिमीटर हातचे गेले.

'आत' आणि 'पूर्णपणे आत' हेही वेगळं. पहिल्याला बेसची कड शिवली तरी पुरे, दुसऱ्याला अख्खा बेस आत हवा.

युनिट पसरवताना जुनी सवय नडते. प्रत्येक मिनिएचरला दोन इंचांत एक सोबती हवा, आणि सात किंवा जास्त असतील तर दोन. आधीच्या आवृत्तीत ही मर्यादा सहाला लागायची, त्यामुळे आमच्यासारखे जुने खेळाडू सहाच्या युनिटलाही उगाच आखडून ठेवतात. उलट दहा जण दोन-दोन इंचांवर सरळ रांगेत उभे केले तर टोकाच्या दोघांना एकच शेजारी उरतो. दोन्ही टोकांना त्रिकोण करा, प्रश्न मिटला.

टेपबद्दलही सांगतो. आईच्या शिवणकामाच्या टेपला एका बाजूला सेंटिमीटर आहेत. त्यावर कुणी काय मोजलं होतं, ते विचारू नका.

एवढं करूनही अडलंच तर आम्ही एकेक फासा टाकतो, मोठा आकडा त्याचं खरं. परवा चारदा अडलं. चारही वेळा भाच्याला सहा.