वळवाआधी अंगणातल्या जुन्या झाडाची तयारी

घराजवळच्या मोठ्या झाडाला शेंड्यापासून जमिनीपर्यंत तांब्याची तार लावून विजेपासून जपायचं असेल तर होळीच्या सुमारासच कामाला लागावं. महाराष्ट्रात विजांचा खरा धोका वळवाच्या आणि परतीच्या पावसात असतो, आषाढ-श्रावणाच्या झडीत तितका नाही. एकदा दुपारचे ढग चढू लागले की झाडावर माणूस पाठवणं जिवावरचं काम होतं, म्हणून मार्चअखेर सगळं उरकलेलं बरं.

आधी झाड निवडा. सगळ्याच झाडांना संरक्षण लागत नाही आणि परवडतही नाही. खोड भिंतीपासून तीन मीटरच्या आत आहे आणि शेंडा छपराच्या वर गेला आहे, अशा झाडाचा नंबर पहिला. विजेला झाडापेक्षा सोपी वाट मिळाली की ती खोड सोडून घराच्या वायरिंगकडे किंवा पाण्याच्या लोखंडी पाईपकडे उडी मारते. त्यानंतर उंच, एकटं, मोकळ्यावर उभं असलेलं झाड. आणि मग ज्याला पर्याय नाही ते: पणजोबांच्या वेळची चिंच, किंवा लोणच्याचा असा रायवळ आंबा ज्याचं कलम कुणाकडेच नाही. अशा आंब्याची दोन-चार कलमं याच वर्षी बांधून ठेवा. तारेइतकंच हेही संरक्षण आहे. माडाला मात्र एकच कोंब असतो. तो जळला की माड गेला, आणि प्रत्येक माडाला तार लावणं शक्य नसतं. वाडीत नवी रोपं लावत राहणं हाच तिथला उपाय.

आता तार. झाडात शिरलेली वीज सालीखालच्या ओल्या थरातून धावते. तिथलं पाणी क्षणात वाफ होतं आणि साल शेंड्यापासून मुळापर्यंत फाटून उडते. शेंड्यापासून जमिनीपर्यंत तांब्याची अखंड वाट दिली की विजेचा मोठा प्रवाह बाहेरून उतरतो, लाकूड वाचतं. ही तार वीज ओढून आणत नाही, आलेली वीज उतरवते. जाडी किमान ५० चौरस मिलिमीटर असावी, पीळदार तार घेतली तर वाऱ्यात झाडाबरोबर हलते. मुख्य फांद्यांवरून येणाऱ्या तारा खोडावरच्या तारेला जोडून घ्या. खोडाचा व्यास तीन फुटांहून जास्त असेल तर दोन बाजूंनी दोन तारा उतरवाव्यात. तार कुठेही काटकोनात वळवू नका, वळण मोठं आणि सैल ठेवा. शंभर मीटरचा परिसर सांभाळतो असं सांगून विकायला आणलेला महागडा अरेस्टर, म्हणजे वीज झेलणारा दांडा, झाडासाठी घेऊ नका. विजेपासून संरक्षणाचं भारतीय मानक आयएस/आयईसी ६२३०५ अशा दाव्यांच्या आधारे संरक्षणाचं क्षेत्र मोजत नाही.

तार खोडाला बांधताना पट्टा किंवा लोखंडी तार गुंडाळू देऊ नका. झाड जाड होत जातं, पट्टा सालीत रुततो आणि काही वर्षांत अन्नरस अडतो. खोडात ठोकायच्या आणि तारेला सालीपासून थोडं लांब धरणाऱ्या तांब्याच्या किंवा पितळी खुंट्या वापराव्यात. तांब्याच्या खिळ्याने झाड मरतं असं म्हणतात, पण भरल्या झाडाला दहा-पंधरा खुंट्यांनी काही होत नाही. जमिनीपासून अडीच मीटरपर्यंत तारेवर जाड पीव्हीसी पाईप चढवा. मुलांचा हात लागत नाही आणि तांबं चोरणाऱ्यालाही सहज सापडत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष अर्थिंगवर, म्हणजे तारेतली वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीवर हवं, कारण चुका तिथेच होतात. तारेचं खालचं टोक ज्याला जोडतात तो रॉड खोडालगत ठोकायचा नाही. तार मुळांच्या वरच्या थरातून अलगद, उथळ चरातून बाहेर न्यायची आणि रॉड फांद्यांच्या घेराबाहेर, निदान खोडापासून तीन मीटर दूर घ्यायचा. चर कुदळीने खणा, जेसीबी आणू नका, आणि मनगटाएवढं मूळ आडवं आलं तर त्याच्या खालून तार काढा. इथे इलेक्ट्रिशियनला एक गोष्ट आधीच बजावून सांगा: मीठ-कोळशाचा खड्डा नको. घराच्या अर्थिंगला ती जुनी रीत आहे, पण मीठ पाण्याबरोबर मुळांपर्यंत पोचतं आणि ज्या झाडासाठी एवढं केलं तेच कडेने वाळू लागतं. मिठाऐवजी बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकणमाती भरा. खाली काळा पाषाण लागून रॉड जात नसेल, किंवा कोकणात जांभा आडवा आला, तर तांब्याची पट्टी चरात आडवी लांबवर पसरवावी. अर्थिंगचा रोध, म्हणजे वीज जमिनीत जाताना होणारा अडथळा, दहा ओमच्या आत यायला हवा. मोजणी एप्रिलमध्ये, जमीन कडक वाळलेली असताना करून घ्या, पावसात घेतलेला आकडा फसवा असतो. घर जवळ असेल तर झाडाची आणि घराची अर्थिंग जोडण्याचं काम जाणत्या परवानाधारक ठेकेदारावरच सोपवा आणि त्याच वेळी मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या अचानक झटक्यापासून घरातली उपकरणं वाचवणारं साधन, बसवून घ्या.

मग झाडाचा भोवताल मोकळा करा. कपडे वाळत घालायची तार, डिशची केबल, दिवाळीत टांगलेली आणि तशीच राहिलेली माळ, कुंपणाची काटेरी तार, हे सगळं खोडावरून सोडवा, कारण या तारांवरून वीज थेट घरात येते. गुरांची दावण तिथून हलवा. वीज जमिनीत पसरते तेव्हा पुढच्या आणि मागच्या पायांमधल्या अंतरामुळे जनावर उभ्या जागी कोसळतं. वाळलेल्या फांद्याही याच वेळी उतरवा. शहरात असाल तर त्याआधी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढा. ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून वारसा वृक्षाचा दर्जाही आहे.

घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः पारावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना, हे नीट समजावून सांगा: तार लावलेलं झाड वाचतं, त्याच्या खाली उभा असलेला माणूस वाचेलच असं नाही. गडगडाट ऐकू आला की पार रिकामा, झोका रिकामा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर पडायचं नाही. वीज पायाळू माणसावरच पडते या समजुतीवर विसंबून बाकीचे बिनधास्त बाहेर थांबतात, तेही थांबवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या, २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना त्यावर मिळते.

इतकं करूनही वीज पडली, तर लगेच कुऱ्हाड काढू नका. लोंबत्या फांद्या आणि सुटी साल काढून टाका, उघड्या लाकडाला बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, आणि कालवायला प्लास्टिकची बादली, लोखंडाची नको. पाऊस सरल्यावर मुळांना पाणी द्या आणि पुढची पालवी येईपर्यंत थांबा. माडाला विजेचा फटका बसला असेल तर शेजारच्या माडांचे शेंडेही तपासत राहा. एका विजेने पाच-सहा माड सुकू लागतात आणि दुबळ्या झाडावर माड आतून पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. मेलेला माड वाडीत उभा ठेवू नका, तोडून लगेच बाहेर काढा.