ऑप्टिक डिस्कचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

ओसीटीचा, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याचे थर मोजणाऱ्या स्कॅनचा, रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर आधी कप-डिस्क गुणोत्तरावर जाते. डिस्क म्हणजे पडद्यावर दृष्टीची नस जिथे सुरू होते ती चकती, कप म्हणजे तिच्या मधला खोलगट भाग, आणि गुणोत्तर म्हणजे कपचा व्यास भागिले डिस्कचा व्यास. ०.७ दिसलं की काचबिंदूची शंका येते. रुग्ण सत्तरीचा असला तर ‘वयामुळे असेल’ म्हणून तीच शंका बाजूला पडते. दोन्ही निष्कर्ष घाईचे. निरोगी डोळ्यांच्या डिस्कमध्येही माणसागणिक कितीतरी फरक असतो, आणि त्यात वयाचा किंवा स्त्री-पुरुष असण्याचा वाटा अगदी थोडा.

वयाबरोबर डिस्क वाढते असं धरणं

जन्माच्या वेळीच डिस्क प्रौढ आकाराच्या सुमारे ७५ टक्के झालेली असते आणि पहिल्या वर्षात ९५ टक्क्यांपर्यंत पोचते. विशीतली डिस्क सत्तरीत जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे एकाच डोळ्याचं डिस्कचं क्षेत्रफळ गेल्या वर्षी १.९ आणि यंदा २.३ चौरस मिलिमीटर आलं असेल, तर मशीनने कड चुकीच्या जागी आखली आहे का ते बघा. डिस्कभोवती पांढुरका पट्टा असलेल्या मायोपियाच्या (लांबचं धूसर दिसणाऱ्या) डोळ्यांत हे फार वेळा होतं.

वयाबरोबर बदलतो तो आतला ऐवज. दृष्टीच्या नसेत साधारण दहा-बारा लाख तंतू असतात, त्यातले काही हजार दरवर्षी कमी होतात. म्हणून रिम, म्हणजे कपभोवतीचं तंतूंचं कडं, किंचित बारीक आणि कप किंचित मोठा होतो. डिस्कभोवती पडद्यावर पसरलेल्या या तंतूंच्या थराची सरासरी जाडी दशकाला साधारण २ मायक्रॉनने उतरते, म्हणजे तिशीपासून सत्तरीपर्यंत जेमतेम ८. तीन वर्षांत १० मायक्रॉन घट दिसली तर ती वयाच्या खात्यावर टाकू नका. आधी दोन्ही स्कॅनचा सिग्नल किती चांगला आहे ते आणि डिस्कभोवती ज्या वर्तुळावर जाडी मोजतात त्याचं केंद्र तपासा, मग स्कॅन पुन्हा घ्या. घट तरीही कायम राहिली तर तिच्यामागे लागायलाच हवं.

‘पुरुषांची डिस्क मोठी’ हा नियम समजणं

रॉटरडॅमच्या मोठ्या पाहणीत पुरुषांची डिस्क सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास मोठी निघाली, तर इतर काही पाहण्यांत फरक सापडलाच नाही. शेजारी बसलेल्या दोन निरोगी माणसांच्या डिस्कमध्ये दुपटीचा फरक असू शकतो, तिथे हे ३ टक्के कुठल्या कुठे जातात.

शिवाय इथे एक छुपी गडबड आहे. स्त्रियांचा डोळा सरासरी अर्ध्या मिलिमीटरने आखूड असतो. मशीनला डोळ्याची खरी लांबी दिली नाही, तर ते सगळ्यांना एकच लांबी लावतं. मग आखूड डोळ्याची डिस्क आहे त्याहून मोठी दिसते आणि लांब डोळ्याची लहान. म्हणजे स्त्री-पुरुष फरक असला तरी तो आकड्यांत बुजून जाऊ शकतो. मायोपियाच्या लांब डोळ्यात मोजणीचं वर्तुळही डिस्कपासून दूर पडतं, आणि निरोगी थर पातळ दिसून रिपोर्टवर ‘असामान्य’ सांगणारा लाल रंग उमटतो. बायोमेट्री (डोळ्याच्या लांबीची मोजणी) झालेली असेल तर तो आकडा शेजारी ठेवूनच रिपोर्ट वाचा.

डिस्कचा आकार न बघता कप मोजणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. समजा एका डोळ्याची डिस्क १.६ चौरस मिलिमीटर आणि तिच्यातला कप ०.४. गुणोत्तर व्यासांचं असल्याने क्षेत्रफळांच्या भागाकाराचं वर्गमूळ घ्यायचं; ते निघतं ०.५, रिम उरते १.२. दुसऱ्याची डिस्क ३, कप १.५. गुणोत्तर ०.७ च्या वर, पण रिम १.५. घाबरवणारा आकडा दुसऱ्याचा, आणि रिम जास्त तीही त्याचीच! मोठ्या डिस्कला मोठा कप जन्मतःच शोभतो. उलट लहान डिस्कवरचा ०.५ अनेकदा नजरेतून सुटतो, आणि खरा आजार तिथेच लपून राहतो.

ओसीटी नसलं तरी अडत नाही. स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर) डोळ्यासमोर लेन्स धरून प्रकाशाची पट्टी डिस्कच्या उंचीएवढी करा आणि मोजपट्टीवरचा आकडा वाचा. ७८ डायॉप्टरच्या लेन्सला त्याला १.१ ने गुणा, ९० च्या लेन्सला १.३ ने. उभा व्यास १.८ मिलिमीटरच्या आसपास आला तर डिस्क मध्यम, २.२ च्या पुढे गेला तर मोठी. कप किती ते त्यानंतर लिहा.

एका पद्धतीचे आकडे दुसरीला लावणं

नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासणाऱ्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’मध्ये डिस्कचं क्षेत्रफळ सरासरी सव्वादोन चौरस मिलिमीटरच्या घरात आलं. आपल्याकडच्या लोकांची मापं म्हणून ती मोलाची आहेत. पण ती फोटोंवरून घेतलेली आहेत, आणि ओसीटी डिस्कची कड वेगळ्या खुणेवरून ठरवतं. त्यामुळे दोघांचे आकडे एका रांगेत मांडता येत नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी सांभाळावं लागतं. बऱ्याच मशीनमधला निरोगी डोळ्यांच्या मापांचा तुलनेचा साठा १८ वर्षांवरच्यांचाच असतो. दहा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवरचा हिरवा-लाल रंग त्यामुळे बाजूला ठेवा. दोन्ही डोळ्यांची एकमेकांशी तुलना करा, आई-वडिलांच्या डिस्क बघा आणि मुलाच्या डिस्कचा फोटो काढून जपून ठेवा.