वातावरणाची पट्टी मापात काढायची तर

वर्गातल्या तक्त्यावर वातावरणाचे थर म्हणजे पाच रंगांचे पाच पट्टे असतात, सगळे एकाच रुंदीचे. खालच्यात ढग, दुसऱ्यात विमान, तिसऱ्यात उल्का, वर उपग्रह. मी भूगोल शिकवते त्याला सत्तावीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली नऊ-दहा वर्षं असलाच तक्ता फळ्याशेजारी टांगून शिकवलं. मग एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, उल्का जळते तिथून विमान किती खाली असतं?" मी तक्त्यावर दोन बोटं ठेवून "एवढं" म्हणाले आणि म्हणता म्हणताच जीभ चावली. विमान जमिनीपासून अकरा किलोमीटरवर, उल्का विमानापासून आणखी सत्तरएक किलोमीटर वर; आणि तक्त्यावर दोन्ही अंतरं सारखीच!

तेव्हापासून तो तक्ता कपाटामागे आहे. आता मुलं स्वतः पट्ट्या काढतात. पट्टी एक नाही, तीन: उंचीची, वजनाची आणि वायूंची. तिन्ही बरोबर एक मीटर लांब. घरी करायच्या असतील तर एक दुपार पुरते. मिलिमीटरच्या रेघांचा आलेख कागदच घ्या, साध्या कागदावर पुढे पंचाईत होते. कागद चिकटवून हातभर रुंद आणि मीटरभर लांब पट्ट्या करून घ्या. पेन्सिल टोकदार हवी. कशासाठी, ते तिसऱ्या पट्टीपाशी कळेल.

पहिली पट्टी: उंची

माप सोपं आहे. एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. खालची कड समुद्रसपाटी, वरची कड १०० किलोमीटर. या वरच्या कडेला कारमान रेषा म्हणतात. अवकाश इथून सुरू झालं असं मानायची ही रूढ खूण. तिथे हवा संपते असं मात्र मुळीच नाही.

आधी ओळखीच्या गोष्टी भरा. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, म्हणजे पट्टीवर नऊ सेंटिमीटरही भरत नाही. प्रवासी विमानं १० ते १२ सेंटिमीटरवर. इथे मुलं हमखास थबकतात, कारण वरची अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर अजून कोरीच असतात.

आता सीमा. सगळ्यात खालचा थर तपांबर; त्याची वरची सीमा, म्हणजे तपस्तब्धी, आडवी काढू नका, तिरकी काढा. पट्टीची डावी कड विषुववृत्त आणि उजवी कड ध्रुव माना. रेघ डावीकडे १७ सेंटिमीटरवरून निघून उजवीकडे ८ वर उतरू द्या. उष्ण हवा फुगते आणि जोरानं वर चढते, म्हणून विषुववृत्तावर तपांबर ध्रुवांच्या दुप्पट जाड आहे. स्थितांबर तिथून साधारण ५० पर्यंत, मध्यांबर ८५ पर्यंत आणि त्यावर उष्मांबर. स्थितांबरात १५ ते ३५ दरम्यान निळी छटा द्या, २० ते २५ मध्ये जरा गडद, हा ओझोन. ७५ ते १०० दरम्यान उल्कांच्या चार रेघा.

सीमा याच आकड्यांवर का, हे सांगितलं नाही तर पट्टी म्हणजे नुसती घोकंपट्टी होईल. त्यासाठी पट्टीच्या उजव्या बाजूला तापमानाची रेघ काढा. आडव्या दिशेला एक मिलिमीटर म्हणजे एक अंश, उणे १०० पासून अधिक २० पर्यंत. बारा सेंटिमीटर जागा लागते. प्रमाण वातावरणाचे, म्हणजे सरासरी म्हणून ठरवून घेतलेले आकडे वापरा: जमिनीवर १५ अंश, ११ किलोमीटरवर उणे ५६.५, २० पर्यंत तेवढंच, ४७ वर उणे २.५, आणि ८६ वर उणे ८६ च्या आसपास. ठिपके जोडा. रेघ डावीकडे जाते, काही काळ सरळ चढते, उजवीकडे वळते, पुन्हा डावीकडे जाते. २० वरचं वळण सोडलं, तर ती जिथे जिथे वळते तिथे तिथे थर बदलतो. तिरक्या रेघेच्या मधोमध बघितलंत तर तपस्तब्धीही ११ किलोमीटरच्या ठिपक्याच्या जवळपासच सापडेल.

वळणांचं कारण एवढंच की हवा तापते ती वेगवेगळ्या बाजूंनी. सूर्यप्रकाश बराचसा आरपार येऊन जमीन तापवतो आणि जमीन हवेला खालून तापवते. म्हणून तपांबरात वर जावं तसं दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होत जातं. स्थितांबरात ओझोन अतिनील किरण शोषतो, म्हणजे तिथे वरून तापतं. मध्यांबरात शोषायला ओझोन फारसा उरत नाही आणि कार्बन डायऑक्साइड आपली उष्णता अवकाशात सोडून देतो, म्हणून सगळ्यात थंड जागा तिथे वरच्या टोकाला. त्याही वर ऑक्सिजन आणि नायट्रोजन सूर्याचे सगळ्यात प्रखर किरण शोषतात आणि तापमान हजार-दीड हजार अंशांवर जातं. "मग अवकाशवीर भाजत का नाहीत?" हा प्रश्न येतोच. तिथला प्रत्येक रेणू भन्नाट वेगात असतो, पण रेणू आहेतच किती! फटाक्याची ठिणगी हातावर पडली तर जेमतेम चटका बसतो, गरम पाण्याचं पातेलं सांडलं तर कातडी सोलून निघते. ठिणगी जास्त तापलेली असूनही.

ही रेघ वळते हे प्रथम ठामपणे दाखवलं ते लेऑं तेसरां द बोर या फ्रेंच हवामानशास्त्रज्ञानं, १९०२ साली. उपकरणं बांधलेले दोनशेहून जास्त फुगे त्यानं सोडले होते. अकरा किलोमीटरच्या आसपास तापमान उतरायचं थांबतंय, हे त्याला आधी पटेना. उन्हानं तापमापक तापत असेल असं वाटून त्यानं फुगे रात्री सोडले. आकडे तेच आले. हा किस्सा मी दरवर्षी सांगते, कारण प्रयोगवहीत "उपकरणातील दोष" असं डोळे मिटून लिहिणाऱ्या मुलांना तो ऐकवायलाच हवा.

स्थितांबरासारखी वर गरम आणि खाली थंड, अशी उतरंड स्थिर असते. तिच्यात उभी ढवळाढवळ होत नाही. याचा पुरावा बघायला मुलांना मी बाहेर नेते. वादळी गडगडाटी ढग वर वर चढत जातो आणि एका उंचीवर छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. ते छत म्हणजे तपस्तब्धी. पट्टीवरची ही एकच सीमा नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्या छतापलीकडे काही पोचलं की लवकर खाली येत नाही. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात फेकला. त्यातून बनलेले सूक्ष्म कण वर्षभराहून अधिक तरंगत राहिले आणि पृथ्वीचं सरासरी तापमान तात्पुरतं सुमारे अर्ध्या अंशानं उतरलं.

पट्टी मीटरभरच असली तरी वरचं चुकवू नका. ती जमिनीला टेकवून भिंतीवर लावा आणि वर मोजत चला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटरवर, म्हणजे चार मीटरवर. आमच्या वर्गाचं छत सव्वातीन मीटरवर संपतं, त्यामुळे स्थानक वरच्या मजल्यावरच्या वर्गात, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, बाकाच्या पायाशेजारी चिकटवावं लागलं. त्या वर्गाच्या बाईंना अजून ते आवडलेलं नाही. उष्मांबराच्याही वरचं बाह्यांबर साधारण सहा मीटरवर सुरू होतं आणि दहा हजार किलोमीटरपर्यंत धरलं तर शंभर मीटर. ते आम्ही सोडून दिलं.

एक नाव मात्र या पट्टीवर थर म्हणून लिहू नका: आयनांबर. बऱ्याच ठिकाणी मध्यांबरानंतर तेच छापतात. थर तापमानावरून पाडायचे ठरवलं तर चौथा थर उष्मांबर. आयनांबर ही हवेतल्या विद्युतभारित कणांवरून केलेली वेगळी विभागणी आहे आणि ती मध्यांबराच्या वरच्या भागापासूनच सुरू होते. पट्टीच्या कडेला साठच्या वर तुटक रेघ ओढा आणि त्याच दिवशी संध्याकाळी रेडिओ मिडियम वेव्हवर लावून बसा. दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा पदर, साधारण ६० ते ९० किलोमीटरमधला, या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो पदर विरतो, लहरी वरच्या पदरांवरून परावर्तित होतात आणि दुपारी न लागणारी लांबची केंद्रं खरखरत लागू लागतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ॲपल्टन यांनी १९२४ साली रेडिओलहरींच्याच मदतीनं या परावर्तक पदराची उंची मोजली आणि १९४७ चं नोबेल मिळवलं. आपल्याला फक्त बटण फिरवायचं आहे.

दुसरी पट्टी: वजन

ही पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात. पूर्ण मीटर म्हणजे डोक्यावरची सगळी हवा, तिचा दाब १०१३ हेक्टापास्कल. आता खालून खुणा करा. ५० सेंटिमीटरवर लिहा साडेपाच किलोमीटर. निम्मी हवा इथेच संपली. एव्हरेस्टचं शिखर ६९ वर. अकरा किलोमीटर ७८ वर. सोळा किलोमीटर ९० वर. साधारण एकतीस किलोमीटर ९९ वर. स्थितांबराची वरची सीमा ९९.९ वर, म्हणजे टोकापासून एक मिलिमीटर खाली. मध्यांबर, उष्मांबर, बाह्यांबर, ध्रुवीय प्रकाश, उल्का, अवकाश स्थानक हे सगळं त्या शेवटच्या मिलिमीटरमध्ये.

दोन्ही पट्ट्या शेजारी लावा आणि सारख्या उंचीच्या खुणा दोऱ्यानं जोडा. खालचे दोरे तिरके वर चढतात, वरचे सगळे एका बिंदूकडे धाव घेतात. यावर मी काही बोलत नाही. मुलं बोलतात.

तिसरी पट्टी: वायू

इथेही पूर्ण मीटर, पण आता कोरड्या हवेतले रेणू मोजायचे, वजन नाही. नायट्रोजन ७८.१ सेंटिमीटर. ऑक्सिजन २०.९५. अरगॉन ९ मिलिमीटर. उरला कार्बन डायऑक्साइड: ०.४ मिलिमीटरच्या किंचित वर. टोकदार पेन्सिल यासाठीच हवी होती. जाड शिशाची रेघ त्याच्या वाट्यापेक्षा रुंद पडते. निऑन, हेलियम, मिथेन यांना कागदावर जागाच नाही, समासात नावं लिहा. बाष्प या पट्टीत नाही, कारण ते कुठे जवळजवळ शून्य तर कुठे चार टक्क्यांपर्यंत असतं. ते एका वेगळ्या चिठ्ठीवर काढून खालीवर सरकवता येईल असं लावलं तरच खरं.

अरगॉनच्या नऊ मिलिमीटरपाशी थोडं थांबा. हवेचा जवळजवळ एक टक्का, तरी १८९४ पर्यंत तो कोणाला सापडला नव्हता. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा अर्ध्या टक्क्यानं जड भरतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आणि रॅम्से यांनी तो जडपणा कशाचा ते शोधून काढलं. कशाशीच संयोग पावेना म्हणून नाव पडलं अरगॉन. ग्रीक भाषेत आळशी.

कार्बन डायऑक्साइडच्या रेघेशेजारी आजची तारीख लिहा. अमेरिकी शास्त्रज्ञ कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर हा वायू मोजायला सुरुवात केली तेव्हा ही रेघ ०.३१५ मिलिमीटर भरली असती. आमच्या वर्गातली जुनी पट्टी आता चुकीची झाली आहे.

या पट्टीला उंची लिहायची गरज नाही, आणि नेमकं हेच मोठ्या माणसांना पटत नाही. जड वायू खाली बसतात आणि शिखरावर ऑक्सिजनची टक्केवारी घटते, असं शिकलेली माणसंही सांगतात. वारा आणि खळबळ हवा इतकी घुसळतात की साधारण ९० ते १०० किलोमीटरपर्यंत हे प्रमाण जवळपास तेच राहतं. एव्हरेस्टवरही ऑक्सिजन २०.९५ टक्केच; कमी होते ती हवाच, दुसऱ्या पट्टीवर ६९ च्या वर उरलेली एकतीस सेंटिमीटर. शंभर किलोमीटरनंतर मात्र वायू वजनाप्रमाणे वेगळे होऊ लागतात: आधी सुटा अणुरूप ऑक्सिजन जास्त, मग हेलियम, सगळ्यात वर हायड्रोजन.

ऑक्सिजनची पडताळणी

ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पालथा पेला, पाणी पेल्यात चढतं आणि बाई म्हणतात, "बघा, एकपंचमांश ऑक्सिजन जळाला." मी हे कित्येक वर्षं केलं. एका मुलानं दोन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर चढलं. पेल्यातला ऑक्सिजन काही वाढला नव्हता. ज्योतीनं हवा फुगून कडेनं बुडबुडे निघून जातात, ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि पाणी आत ओढलं जातं. मेणबत्ती विझते तेव्हा ऑक्सिजन भरपूर शिल्लक असतो. तो प्रयोग करू नका.

त्याऐवजी बारीक लोखंडी लोकर घ्या, म्हणजे स्टील वूल. स्टेनलेस घासणी चालत नाही, ती गंजत नाही. लोकर मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवून तिच्यावरचं तेल घालवा, झटका, आणि सुटी करून परीक्षानळीच्या तळाशी कोंबा. फार दाबू नका. पालथी केल्यावर खाली पडणार नाही इतकंच. नळी पाण्याच्या ग्लासात पालथी उभी करा, आतल्या पाण्याची पातळी चिकटपट्टीनं खुणावून ठेवा आणि दोन-तीन दिवस हात लावू नका. गंज ऑक्सिजन खातो, पाणी चढतं. पंधरा सेंटिमीटरच्या नळीत ते साधारण तीन सेंटिमीटरवर थांबतं. पहिली खूण ज्या वेळी केली त्याच वेळी शेवटची करा, नाहीतर दुपारच्या उकाड्यानं हवा फुगून आकडा बिघडतो. अडीचच सेंटिमीटर भरलं तर लोकर कमी पडली असेल, किंवा तुम्ही दुसऱ्याच दिवशी नळी उचलून पाहिली असेल. आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी उचलतंच.