मूळ संख्यांविषयीची अटकळ एका प्रतिउदाहरणाने कशी खोडावी

अटकळ, म्हणजे अजून सिद्ध न झालेले विधान, नेमके काय म्हणते, हे आधी एका वाक्यात लिहून घ्यावे. त्यात ‘प्रत्येक’ हा शब्द असेल, तर एकच प्रतिउदाहरण, म्हणजे विधान खोटे ठरवणारे एक उदाहरण, पुरते. १८४९ मधील फ्रेंच गणितज्ञ पोलिन्याक यांचे विधान घेऊ: १ पेक्षा मोठी प्रत्येक विषम संख्या ही २ चा एखादा घात आणि एक मूळ संख्या यांची बेरीज असते. (१ हा २ चा शून्यावा घात आहे, हे विसरू नये.)

दादरहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर कागदाच्या चिटोऱ्यावरही ही तपासणी होते. १२५ पर्यंत विधान टिकते, आणि तिथेच माणूस फसतो. पुढच्या १२७ मधून तिच्याहून लहान असलेले सर्व घात, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४, एकेक करून वजा करावेत. उरतात १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५ आणि ६३. यांपैकी ११९ मूळ वाटते खरी, पण ती ७ गुणिले १७ आहे. १२३ आणि १११ यांच्या अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, म्हणून त्याही बाद. उरलेल्या तर पाढ्यांतच सापडतात. पुढचा घात १२८, तो १२७ हून मोठा. तेव्हा एकही शक्यता सुटलेली नाही, हे स्पष्ट लिहावे.

संख्या प्रचंड असेल, तर तिचे अवयवच द्यावेत. २ चा ३२ वा घात अधिक १ ही संख्या फ्रेंच गणितज्ञ फर्माने मूळ मानली होती. स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये तिचा ६४१ हा विभाजक दाखवला. ६४१ ला ६७,००,४१७ ने गुणून कोणीही खात्री करून घ्यावी.